नंबरचा डायव्हिंग मास्क मोडला तर: बेळगावात बसून काय होतं, काय होत नाही

पहिल्यांदा मालवणला पाण्याखाली गेलो तेव्हा होडीवरच्या पोरानं सांगितलं, "चष्मो काढा, हो मास्क लावा." काढला. खाली इन्स्ट्रक्टर बोटानं काहीतरी दाखवत होता आणि मी मान डोलावत होतो. वर आल्यावर बायकोनं विचारलं, काय काय दिसलं? मी म्हटलं, "निळं."

त्यानंतर नंबरचा मास्क घेतला. दोन सीझन सुखात गेले. तिसऱ्या सीझनला होडीत कुणीतरी चार किलोचा वेट बेल्ट (कमरेला बांधायचा वजनाचा पट्टा) नेमका माझ्या मास्कवर टाकला. डावी काच तडकली, एका बाजूचं बक्कल तुटलं. मग बेळगावात खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत जी वणवण झाली ती तुमची होऊ नये म्हणून हे लिहितोय. निपाणी-चिकोडीकडच्यांना यातल्या चष्म्याच्या दुकानाच्या कामासाठी कोल्हापूर जवळ पडेल, खानापूरवाले बेळगावलाच येतील. पायऱ्या त्याच.

आधी हे गोळा करा

- डोळ्यांच्या नंबरचा ताजा कागद. सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर नवा काढा.
- दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी. दुकानदार हे स्वतःहून कागदावर लिहीत नाहीत, मागून घ्यावं लागतं.
- मास्कचं मॉडेल. फ्रेमवर किंवा आतल्या सिलिकॉनवर बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. फोटो काढून मोठा करून वाचा.
- मास्कचं बिल, असेल तर.
- परदेशातून मागवणार असाल तर आधार किंवा पॅनची प्रत. कुरिअरवाले केवायसीसाठी मागतात.
- हत्यारं: बारीक स्क्रू-ड्रायव्हर, जुना मऊ टूथब्रश, भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुनं वर्तमानपत्र. बस.

फेविक्विक या यादीत नाही. का, ते पुढे येईल.

१. नक्की काय मोडलंय ते बघा

मास्क मोडला म्हणजे पाचांपैकी एक गोष्ट मोडलेली असते: पट्टा, बक्कल, फ्रेम, काच किंवा स्कर्ट. स्कर्ट म्हणजे चेहऱ्याला चिकटणारी सिलिकॉनची मऊ कड. उन्हात उभं राहून एकेक भाग तपासा.

पट्टा तुटला असेल तर काळजी नको. सुटा मिळतो, रुंदी मापून घ्या. बक्कल त्याच मॉडेलचं लागतं, पण तेही मिळतं.

काच तडकली असेल तर तो मास्क घेऊन पाण्यात जायचं नाही, अगदी तलावातसुद्धा. मास्कची काच टेम्पर्ड असते. फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता तिचे बारीक खडे होतात, म्हणून तर ती वापरतात. पण तिच्या कडेला टवका उडाला असला तरी पुढे कधीतरी ती अचानक अख्खी फुटू शकते. टवका छोटा आहे म्हणून चालवून घेऊ नका.

आणि स्कर्ट फाटला असेल तर मास्क गेला. याला उपाय नाही. सिलिकॉनला सिलिकॉनखेरीज फारसं काही चिकटत नाही, आणि बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन डोळ्या-नाकापाशी लावायची वस्तू नव्हे. नंबरच्या काचा तेवढ्या काढून ठेवा. त्याच मॉडेलचा नवा मास्क घेतला तर त्या त्यात बसतात. निम्मा खर्च तिथेच वाचतो.

आता फेविक्विक. माझं तुटलेलं बक्कल मी घरीच चिकटवलं. चिकटलं छान. सकाळी उठून बघतो तर शाबूत असलेल्या उजव्या काचेवर आतून पांढरट धुकं. या गोंदाची वाफ जवळच्या काचेवर बसते आणि पांढरी साय धरते. बक्कल पट्टा ओढताच पुन्हा तुटलं ते वेगळंच.

२. नंबर नव्यानं काढा, आणि तो चष्म्याचा आहे हे विसरू नका

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

मास्कची काच सपाट असते. बाहेर पाणी, आत हवा. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वळतो, म्हणून पाण्याखाली वस्तू सुमारे ३३ टक्के मोठ्या आणि २५ टक्के जवळ दिसतात. मायनस एक-दीडपर्यंतच नंबर असेल तर बऱ्याच जणांचं साध्या मास्कवर भागतं. आधी कुणाचा तरी साधा मास्क लावून बघा, मग खर्च करा.

त्याहून जास्त नंबर असेल तर गणित करावं लागतं. मास्कच्या तयार काचा अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्यानं येतात आणि त्यांत सिलिंडर नसतो. तुमच्या कागदावर मात्र स्फिअर (मुख्य नंबर), सिलिंडर (एकाच दिशेनं लागणारा जादा नंबर) आणि ॲक्सिस (त्या सिलिंडरची दिशा) असे तीन आकडे असतात. मग काय करायचं? सिलिंडरचा निम्मा आकडा स्फिअरमध्ये मिळवायचा आणि आलेला आकडा टप्प्यात बसत नसेल तर कमी नंबरच्या बाजूला यायचं.

माझंच उदाहरण घ्या. उजवा डोळा मायनस ४.५०, सिलिंडर मायनस ०.७५. निम्मा सिलिंडर ०.३७५, बेरीज मायनस ४.८७५. मिळते मायनस ४.५ किंवा मायनस ५. मी साडेचारची घेतली. डावा मायनस ५.२५, सिलिंडर मायनस ०.५०, बेरीज बरोबर मायनस साडेपाच. तो प्रश्नच मिटला.

हे गणित कागदावर करून चष्म्याच्या दुकानात जा आणि नंबर तपासणाऱ्याला सांगा, "ट्रायल फ्रेममध्ये फक्त एवढ्याच काचा घाला, सिलिंडर नको." ती जड गोल फ्रेम नाकावर ठेवून दुकानाच्या दारात या आणि समोरच्या पाट्या वाचून बघा. आपल्याकडे पाट्यांची कमतरता नाही, कन्नड, मराठी, इंग्रजी, काय हवं ते वाचा. वाचता आलं तर पाण्यातही दिसेल. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानदाराला जरा विचित्र वाटेल, वाटू दे.

सिलिंडर दीडच्या वर असेल तर तयार काचेनं समाधान होणार नाही. तुम्हाला खास बनवून घ्यावी लागेल, ते पुढच्या पायरीत.

चाळिशी लागली असेल तर आणखी एक भानगड. लांबचं दिसेल, पण मनगटावरचा खोलीचा आकडा दिसणार नाही. अशांसाठी मास्कच्या काचेच्या तळाशी आतून वाचायच्या नंबरची छोटी काच बसवता येते. पाण्याखाली कधीमधीच जाणारे मात्र हात लांब करून वाचतात, मीही तेच करतो.

३. तीन वाटा आहेत, एक निवडा

तयार नंबरच्या काचा. दोन वेगळ्या काचा असलेला मास्क असेल तर ही वाट सगळ्यात सोपी. क्रेसी, मारेस, टुसा, स्कूबाप्रो या कंपन्या आपल्या काही मॉडेलांसाठी अशा काचा विकतात. मूळ काच काढायची, नंबरची बसवायची. मायनस मोठ्या पल्ल्यात मिळतो, प्लसला पर्याय कमी. काच त्याच मॉडेलची लागते. "जवळपास तशीच" असली काच घेऊ नका, खाचेत बसत नाही. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसेल असंही समजू नका, आकार उलटा असतो. मागवताना डावा आणि उजवा वेगळे लिहा.

चिकटवलेली काच. मास्कला एकच अखंड काच असेल, सिलिंडर मोठा असेल किंवा नंबर तयार काचांच्या पलीकडचा असेल तर मूळ काचेच्या आतल्या बाजूला खास काच चिकटवतात. दिसायला हीच सगळ्यात उत्तम, कारण तुमचा पूर्ण नंबर आणि पीडी तिच्यात येतो.

इथे मी फसता फसता वाचलो. एका दुकानात काकांनी मास्क हातात घेऊन उलटासुलटा केला, आतल्या पोराला "ए, इल्ली बा" म्हणून हाक मारली, दोघांनी मिळून बघितलं आणि काका म्हणाले, "होतंय की. तुमच्या चष्म्याचीच काच कापून आतनं चिकटवतो, उद्या या." मीही खूश. मग घरी येऊन सहज चष्म्याची काच टेबलावर ठेवली तर ती वाटीसारखी डुगडुगली. चष्म्याची काच बाहेरून फुगीर असते. मास्कची सपाट. सपाटावर फुगीर चिकटवली की मध्ये टेकते आणि कडेला फट राहते. त्या फटीत वाफ शिरते, पाणी शिरतं, आणि ते मग पुसताही येत नाही. या कामाला एक बाजू पूर्ण सपाट आणि दुसरी (मायनस नंबराला) आत खोलगट अशी काच लॅबमधून घडवून आणावी लागते आणि चिकटवायला काचेसाठीचा पारदर्शक गोंद लागतो, आत एकही बुडबुडा न राहता. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "काचेची पुढची बाजू सपाट करून मागवणार ना?" तो गोंधळला तर मास्क परत घ्या आणि नमस्कार करून निघा. हे काम पूर्वी केलेल्या माणसाकडेच द्या. डायव्हिंगचं सामान विकणाऱ्यांना विचारलंत तर ते सांगतात कुणाकडे पाठवायचं.

कॉन्टॅक्ट लेन्स. सहल आठवड्यावर आली आणि काच मिळत नाही, तर ही वाट. मऊ, एका दिवसाच्या लेन्स घ्या आणि डाइव्ह झाली की फेकून द्या. पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकून डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो, म्हणून धुऊन पुन्हा घालायच्या नाहीत. कडक लेन्स नकोत, त्यांच्याखाली बुडबुडे अडकतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि आधी घरी चार दिवस घालायची सवय करा. होडीत हलता हलता पहिल्यांदा लेन्स घालायचा प्रयत्न करणारा माणूस मी पाहिलाय. लेन्स बोटावरून उडाली ती अरबी समुद्रात. इन्स्ट्रक्टरला लेन्स घातल्याचं सांगून ठेवा, म्हणजे मास्कमध्ये पाणी आलं तर तुम्ही डोळे का मिटलेत ते त्याला कळेल.

वाटा तीनच. चौथी म्हणून लोक जे करतात ते करू नका:

- पोहायचा नंबरचा गॉगल. खेळाच्या दुकानात मिळतो, स्वस्तही असतो. गोवावेसच्या तलावात पोहायला उत्तम. डायव्हिंगला चालत नाही, कारण नाक बाहेर राहतं. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट होतो, गॉगलमधली हवा आक्रसते आणि गॉगल डोळ्यांना ओढून धरतो. मास्कमध्ये नाक आत असतं ते याचसाठी. नाकानं जराशी हवा सोडली की ओढ सुटते.
- मोबाइलवाल्याकडची काच. "टेम्पर्डच आहे की सर, कापून देतो," असं मला खरंच एकानं सांगितलं. टेम्पर्ड काच एकदा टेम्पर झाली की कापता येत नाही, कापायला गेलं की फुटते. जी कापता येते ती टेम्पर्ड नाही, आणि ती डोळ्यांसमोर घेऊन खाली जायचं नाही.
- चेहरा झाकणारा अखंड स्नॉर्कल मास्क. तो पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगण्यासाठी आहे. हवेचा सिलिंडर पाठीला लावून तो घालून खाली जात नाहीत.

४. मागवताना

बेळगावात डायव्हिंगच्या काचा ठेवणारं दुकान मला सापडलं नाही. मुंबई, पुणे, गोवा इथल्या विक्रेत्यांकडून मागवावं लागतं, किंवा ज्या डायव्हिंग सेंटरला तुम्ही जाता त्यांच्यामार्फत. मी दुसरा मार्ग धरला, कारण चुकीची काच आली तर भांडायला ओळखीचं माणूस असलेलं बरं.

ऑर्डर देण्याआधी मास्कचा समोरून, आतून आणि मॉडेलच्या नावाचा असे तीन फोटो पाठवा. नंबर आकड्यांत आणि अक्षरांत दोन्हीकडे लिहा. मायनसचं चिन्ह मेसेजमध्ये हरवतं, हा अनुभव आहे. नंबरच्या काचा सहसा परत घेत नाहीत, तेव्हा "परत चालेल ना?" हे पैसे भरायच्या आधी विचारायचं.

परदेशातून थेट मागवलं तर कस्टम ड्युटी आणि कुरिअरचा वरचा आकार धरून हिशेब करा. पुष्कळदा बेरीज नव्या मास्कच्या जवळ जाते. पत्त्यात शहराचं नाव बेळगावी लिहा, २०१४ पासून अधिकृत नाव तेच आहे. घरात आपण बेळगावच म्हणणार, पण पार्सल अडकल्यावर तो वाद कुरिअरवाल्याशी घालण्यात अर्थ नाही. आणि फोन नंबर दोन द्या.

५. काच घरीच बदला

याला कुणाची गरज नाही. मी जेवणाच्या टेबलावर केलं. टेबलावर पांढरं फडकं पसरा, म्हणजे पडलेली क्लिप सापडेल.

मास्क दहा मिनिटं कोमट साबणाच्या पाण्यात ठेवा. सिलिकॉन नरम होतं आणि खाचेतलं मीठ सुटतं. पट्टा काढा. आता फ्रेम कशी अडकवली आहे ते बघा. काहींत वरच्या बाजूला छोटी क्लिप असते, काहींत दोन बारीक स्क्रू. आधी फोटो काढा, मग हात लावा. क्लिप लोखंडी टोकानं उचकटू नका, जुन्या टूथब्रशच्या दांड्यानं दाबा. कट्ट असा आवाज होतो, क्लिप तुटल्यासारखा वाटतो, पण बहुधा तुटलेली नसते.

फ्रेम सैल झाली की काच आतून अंगठ्यानं बाहेर ढकला. तडकलेली असेल तर आधी दोन्हीकडून चिकटपट्टी लावा आणि हातात जाड फडकं घ्या. मग रिकामी खाच बघा. माझ्या खाचेत मालवणची वाळू होती, बहुधा दोन वर्षं जुनी. वाळूचा एक कण राहिला तरी तिथून पाणी येतं. टूथब्रशनं सगळीकडे घासा, धुवा, बोट फिरवून बघा.

नवी काच बसवताना नंबर कोरलेली किंवा खोलगट बाजू डोळ्याकडे. आधी नाकाकडची कड बसवा, मग बाहेरची. सिलिकॉनची कड काचेवर सगळीकडे सारखी आलीय का बघा, कुठे दुमडली असेल तर काढून पुन्हा. फ्रेम लावा, क्लिप दाबा. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांनी काहीही पुसू नका. प्लास्टिकची फ्रेम आणि चिकटवलेली काच दोन्ही खराब होतात.

६. पाणी येतंय का, तीनदा तपासा

पहिली तपासणी टेबलावर. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांवर मास्क काच खाली करून ठेवा, आतून पाणी भरा आणि पंधरा मिनिटं चहा प्या. कागद ओला झाला तर काच नीट बसलेली नाही. कागदावरचा डाग कुठे आहे त्यावरून कुठली कड सैल आहे तेही कळतं.

दुसरी तपासणी चेहऱ्यावर. पट्टा मागे न घेता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकानं हळू श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला पाहिजे. पडला तर केस अडकलेत का बघा. मिशीवाल्यांनी नाकाखाली बोटभर नाही, काडीभर जागा भादरली तरी पुरते. मिशीला व्हॅसलिन चोपडायची युक्ती बरेच जण सांगतात. मला ती पटत नाही, लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस लावा.

तिसरी तलावात. उथळ बाजूला खाली बसा, वर बघा, खाली बघा, हसा. हसताना गालाला सुरकुती पडते आणि तिथून पाणी शिरतं. समुद्रात मासा बघून हसू येतंच, तेव्हा हे आधीच करून बघितलेलं बरं. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना मास्कमध्ये पाणी आल्यावर झटकन वर यायची सवय असते. ती इथे मोडून काढा. खाली राहूनच वरची कड कपाळाला दाबा, वर बघा आणि नाकानं फुंकून पाणी बाहेर काढा.

७. नव्या काचेवरची वाफ

नवी काच सतत वाफ धरते, कारण कारखान्यातून येतानाच तिच्यावर सिलिकॉनचा पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, आतून बोटानं दोन-तीन मिनिटं चोळा आणि धुवा. दोन-तीनदा करावं लागतं. लायटरनं आतून जाळायची पद्धत आहे, पण ती साध्या काचेसाठी. चिकटवलेल्या किंवा लेप असलेल्या नंबरच्या काचेजवळ ज्योत नेऊ नका. आधी कंपनीची सूचना वाचा, काही लेपांना टूथपेस्टही चालत नाही.

पाण्यात उतरायच्या आधी थुंकी लावून खळबळून घेणं आजही उत्तम चालतं.

८. कधी करायचं, आणि मग कुठे ठेवायचं

पावसाळ्यात करा. जून ते सप्टेंबर मालवण, गोवा, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, सगळीकडे डायव्हिंग बंदच असतं. काच यायला महिना लागला तरी बिघडत नाही. ऑक्टोबरात जाग आली की तीच काच दिवाळीनंतर येते.

पण बेळगावचा पाऊस म्हणजे भिंतीलाही ओल. ओलसर ठेवलेल्या सिलिकॉनवर काळे ठिपके येतात आणि ते घासून जात नाहीत. गोड्या पाण्यानं धुवा, पंख्याखाली सावलीत दोन दिवस वाळवा, मग झाकणाच्या कडक डब्यात सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाकून ठेवा. काळ्या रबराचे फिन्स (पोहताना पायात घालायचे पंख) शेजारी नकोत, पारदर्शक सिलिकॉनला डाग लागतो. चोर्ला किंवा आंबोली घाटातून परतताना मास्क गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, तापलेल्या काचेचा गोंद सुटतो. माझा डबा मूळचा कुंद्याचा आहे. झाकणावर मार्करनं लिहिलंय: उजवा मायनस ४.५, डावा मायनस ५.५, आणि खाली बायकोच्या अक्षरात, "यात कुंदा नाही."